ॲप अडलं की कोणतं बटण काय पुसतं

मंडईत भाजी पिशवीत पडली, क्यूआर स्कॅन झाला, पिनही टाकला आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय. मागे चार माणसं उभी. अशा वेळी अंगठा आपोआप ॲप वर सरकवून बंद करायला जातो. तेवढ्याने भागलं तर ठीक, नाही तर घरी गेल्यावर सल्ल्यांची सरबत्ती सुरू होते: कॅशे उडव, डेटा क्लिअर कर, काढून परत टाक, फोनच रिसेट मार. ऐकायला हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक बटण फोनमधून वेगळी वस्तू पुसतं, आणि शेवटच्या तीन बटणांनी गेलेलं बऱ्याचदा परत येत नाही.

अँड्रॉइड फोनवर यातली बहुतेक बटणं एकाच पानावर मिळतात. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा आणि ‘ॲप इन्फो’ किंवा गोलातला ‘आय’ निवडा. सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’च्या यादीतूनही तिथेच पोचता येतं. कंपनीनुसार नावं थोडीफार बदलतात, पण पान तेच. एकदा सवडीने उघडून बघून ठेवा. अडचणीच्या वेळी शोधाशोध नको.

तिथलं ‘फोर्स स्टॉप’ म्हणजे, फोन मराठीत असेल तर ‘सक्तीने थांबवा’. यात काहीच पुसलं जात नाही, चालू असलेलं काम फक्त थांबतं. मात्र थांबवलेलं ॲप तुम्ही स्वतः पुन्हा उघडेपर्यंत झोपलेलंच राहतं. त्याची नोटिफिकेशन येत नाहीत, त्यात लावलेले गजर वाजत नाहीत. म्हणून फोर्स स्टॉप केल्यावर ॲप एकदा उघडून ठेवायचं.

कॅशे म्हणजे ओट्यावर हाताशी काढून ठेवलेले डबे. नकाशाचे तुकडे, फोटोंच्या छोट्या प्रती, मघाशी उघडलेलं पान, असं सगळं पुन्हा पुन्हा नेटवरून आणावं लागू नये म्हणून ॲप जवळ ठेवतं. ती साफ केली तर लॉगिन जात नाही, चॅट जात नाहीत. पहिल्यांदा उघडताना थोडा वेळ आणि थोडा डेटा खर्च होतो, एवढंच. ॲप कालचंच पान दाखवतंय, चित्रं अर्धवट येतायत, अपडेटनंतर उघडताच बंद पडतंय, अशा तक्रारींवर हा पहिला उपाय. रोज रात्री सगळ्या ॲप्सची कॅशे उडवण्यात मात्र काही अर्थ नाही. सकाळी फोन तेच डबे पुन्हा काढतो.

‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे थेट कपाट रिकामं करणं. ॲप नुकतंच टाकल्यासारखं कोरं होतं. प्रश्न असा, की कपाटातली वस्तू आणखी कुठे ठेवलेली आहे का? ईमेल, डिजिलॉकर, ऑनलाइन खरेदी यांचं सगळं सर्व्हरवर असतं. लॉगिन केलं की परत दिसतं. पण जमाखर्चाचं किंवा टिपणांचं एखादं साधं ॲप सगळं फोनमध्येच ठेवत असेल, तर दहा सेकंदांत दहा वर्षांचा हिशोब गेला. ओटीपी तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचे कोड खात्याशी सिंक केलेले नसतील, तर तेही गेले. कीबोर्डचा डेटा पुसला की त्याने वर्षानुवर्षं शिकलेले तुमचे मराठी शब्द जातात; आडनावं आणि गल्ल्यांची नावं पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागतात. छोटंच नुकसान, पण रोज चिडचिड करायला लावणारं.

व्हॉट्सॲपचा डेटा पुसण्याआधी किंवा ते अनइंस्टॉल करण्याआधी तीन गोष्टी बघा. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, तिथे ‘चॅट बॅकअप’, आणि शेवटच्या बॅकअपची तारीख. ती तीन महिन्यांपूर्वीची असेल तर आधी नवा बॅकअप घ्या. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हाताशी हवी. ती हरवली तर कंपनीसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ज्या नंबरवर खातं आहे ते सिम चालू आहे का. आईचं व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर आहे आणि ते सिम कधीच बंद पडलंय, हे घरोघरी दिसतं. ॲप चालू आहे तोवर काही अडत नाही. काढून परत टाकलं की ओटीपी त्या मेलेल्या सिमवर जातो.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

कुठलंही बटण दाबण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. फक्त हेच ॲप अडलंय की बाकीचीही? फक्त माझ्याच फोनवर की शेजारच्याच्याही? आणि काल-परवा काय बदललं: अपडेट, नवं सिम, नवं ॲप, पासवर्ड?

सगळीच ॲप्स अडली असतील तर ॲपच्या मागे लागू नका, नेट बघा. विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद केला की फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. पुण्यात स्वारगेट किंवा मंडई मेट्रो स्थानकात खाली उतरल्यावर तिकिटाचं ॲप अडलं, तर आधी हे करा किंवा वाय-फाय आणि मोबाईल डेटा यांची अदलाबदल करा. तिकीट रस्त्यावर असतानाच काढून त्याच्या क्यूआरचा स्क्रीनशॉट जवळ ठेवला तर आणखी निवांत. नेट दिसतंय पण एकच ॲप ‘इंटरनेट नाही’ म्हणतंय, तर त्या ॲपचा मोबाईल डेटा बंद केलेला असतो, नाहीतर डेटा सेव्हर, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) किंवा प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते शोधण्याची वेगळी सेटिंग) आड येतो.

एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: फोनचं घड्याळ. सर्व्हर खरा आहे हे पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते. बॅटरी पूर्ण संपून तारीख चुकली, तर फोनच्या हिशोबाने ती मुदत संपलेली किंवा अजून सुरूच न झालेली असते, आणि ॲप जोडणी नाकारतं. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, संपलं.

सगळ्यांच्याच फोनवर एकदम बिघाड झाला तर तुमच्या हातात फारसं काही नसतं, आणि तेव्हाच लोक घाईने डेटा पुसून बसतात. मार्च २०२१ मध्ये जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट कितीतरी ॲप्स उघडताच बंद पडू लागली. दोष त्या ॲप्सचा नव्हता. ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचं काम ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ नावाचा एक सामाईक भाग करतो, तो बिघडला होता. प्ले स्टोअरमधून वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केल्यावर सगळं सुरळीत झालं. आजही एकमेकांशी संबंध नसलेली पाच-सहा ॲप्स एकाच दिवशी कोसळू लागली, तर पहिली शंका वेबव्ह्यूवर घ्यावी.

पैसे कापले, पण पोचले नाहीत

आता मंडईतल्या त्या फिरणाऱ्या चक्राकडे. पिन टाकून झाला असेल तर दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी ॲपमधला व्यवहारांचा इतिहास उघडा. ‘फेल्ड’ दिसलं आणि खात्यातून कापले नसतील तर खुशाल पुन्हा पाठवा. ‘पेंडिंग’ असेल तर तो व्यवहार बँकांच्या मध्ये कुठेतरी लटकलाय. ॲप बंद करून, कॅशे उडवून किंवा फोन रीस्टार्ट करून तो हलत नाही. त्या व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि भाजीवाल्याला तूर्त रोख द्या.

खात्यातून रक्कम गेली पण समोरच्या व्यक्तीला मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवशी परत यायला हवी. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. तक्रार ॲपमधल्या त्याच व्यवहारावर बोट ठेवून करायची. गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावणं हा फसण्याचा राजमार्ग आहे.

नव्या फोनवर यूपीआय नोंदवताना ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ येत असेल, तर कारण बहुधा साधं असतं. सिम याच फोनमध्ये आहे ना, हे तपासायला ॲप फोनमधून एक एसएमएस पाठवतं. त्यासाठी बँकेत नोंदवलेला नंबर याच फोनमध्ये हवा, दोन सिम असतील तर नेमकं तेच निवडलेलं हवं, ॲपला एसएमएसची परवानगी हवी, आणि रिचार्ज संपलेला नको. घरच्या वाय-फायवर सगळं चालत असतं, त्यामुळे रिचार्ज संपल्याचं कळतच नाही. सिम नसलेल्या टॅबवर याच कारणाने यूपीआय चालत नाही. तिथे डोकं फोडून उपयोग नाही.

यूपीआय लाइट वापरत असाल तर आणखी एक पथ्य. पिनशिवाय छोटी पेमेंट करायला त्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. ॲपचा डेटा पुसण्याआधी, ते काढण्याआधी किंवा फोन बदलण्याआधी ही शिल्लक खात्यात परत घ्या. एका बटणाचं काम आहे. विसरलात तर त्याच पैशांसाठी बँकेशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

बँकेचं ॲप उघडतच नाही आणि ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ असा मोघम संदेश दाखवतं, तेव्हा सेटिंग्जमधलं डेव्हलपर ऑप्शन्स किंवा यूएसबी डीबगिंग (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सोयी) चालू राहिलंय का ते बघा. कुणीतरी फोन संगणकाला जोडताना ते चालू करतं आणि तसंच राहतं. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप असेल किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे पडदा वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणं दाबण्याची, मुभा एखाद्या अनोळखी ॲपला दिलेली असेल, तरीही बँक ॲप अडून बसतं. त्याचं बरोबरच आहे.

जागा संपली की

साठवण काठोकाठ भरली की ॲप्स विचित्र वागू लागतात. ॲपला दर क्षणी काही ना काही लिहून ठेवायचं असतं. जागा नसेल तर ते अर्ध्यात कोसळतं. प्ले स्टोअरवर अपडेट ‘पेंडिंग’वर लटकण्याचंही हे एक कारण आहे, कारण ८० एमबीच्या ॲपला उतरवून उलगडायला ८० एमबीपेक्षा बरीच जास्त मोकळी जागा लागते. साधारण दहा टक्के जागा कायम रिकामी ठेवा, म्हणजे ६४ जीबीच्या फोनमध्ये सहा-सात जीबी.

जागा असूनही अपडेट ‘पेंडिंग’च असेल, तर रांगेत पुढे दुसरं एखादं मोठं अपडेट अडकलेलं असतं, ते रद्द करा. किंवा डाउनलोड फक्त वाय-फायवर असं ठरवलेलं असतं. त्यानेही झालं नाही तर प्ले स्टोअरची कॅशे आणि मग डेटा पुसा. इथे डेटा पुसायला भिऊ नका, त्याने फोनमधली ॲप्स जात नाहीत.

आपल्याकडे जागा खाणारा पहिला आरोपी म्हणजे सुप्रभातचे फोटो आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे ‘मॅनेज स्टोरेज’ उघडलं की ५ एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगवेगळ्या काढून दाखवल्या जातात. सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या दहा दिवसांत जमलेले मिरवणुकीचे व्हिडिओ इथूनच एका फटक्यात जातात. मग मागे ‘स्टोरेज अँड डेटा’च्या पानावर येऊन मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

गूगल फोटोजमध्ये मात्र सावध राहा. बॅकअप झालेला फोटो तिथे डिलीट केला तर तो गूगलच्या सर्व्हरवरूनही जातो. ट्रॅशमध्ये तो ६० दिवस सापडतो, पुढे नाही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर तिथलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा. बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढल्या जातात, मूळ फोटो खात्यात राहतात.

आणि ते ‘फोन बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’? काढून टाका. मागची ॲप्स रॅममध्ये थिजलेली असतात, म्हणून तर ती चटकन उघडतात. सगळी सरकवून बंद केली की पुढच्या वेळी फोन प्रत्येक ॲप मुळापासून उभं करतो आणि त्यात बॅटरी जास्त जाते. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलच्या टिम कुक यांना हेच विचारलं होतं: ॲप्स बंद करत राहिल्याने बॅटरी वाचते का? उत्तर ॲपलच्या सॉफ्टवेअर विभागाच्या क्रेग फेडरिगी यांनी दिलं: नाही. सरकवून बंद करायचं ते फक्त अडलेलं ॲप.

नोटिफिकेशन उशिरा का येतात

औषधाची आठवण, बँकेचा इशारा, शाळेच्या ॲपमधली सूचना ॲप उघडल्यावरच दिसत असेल, तर दोष बहुधा बॅटरी वाचवणाऱ्या व्यवस्थेचा असतो. क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपला अँड्रॉइड मागे ढकलतं, आणि काही कंपन्या त्याहून कडक वागतात. ॲप इन्फोमध्ये ‘बॅटरी’त जाऊन त्या एका ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. शाओमीच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही चालू लागतं, सॅमसंगमध्ये ॲप ‘डीप स्लीपिंग’च्या यादीत गेलंय का बघा. ही सवलत दोन-चार ॲप्सनाच द्या. वीस ॲप्सना दिलीत तर दुपारीच चार्जर शोधावा लागेल.

बॅटरीचं ठीक असूनही येत नसेल तर परवानगी तपासा. अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप नोटिफिकेशनसाठी आधी विचारतं, आणि घाईत आपण ‘नको’ म्हणतो. शिवाय बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. दिवाळीत वापरलेलं तिकिटांचं ॲप मे महिन्यात उघडल्यावर लोकेशन मागत असेल तर त्यात काळंबेरं काही नाही.

लोकेशनच्या बाबतीत एक बारकावा. अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ आणि ‘अचूक’ असे दोन पर्याय मिळतात. अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा टापू. त्यात नारायण पेठ, शनिवार पेठ सगळं मावतं. हवामान बघायला ते पुरेसं आहे. रिक्षा बोलावताना मात्र ‘अचूक’ हवं, नाहीतर रिक्षा अप्पा बळवंत चौकात आणि तुम्ही ओंकारेश्वराशी, असं होणार.

जाहिराती आणि एपीके

फोन नुसता उघडला तरी पूर्ण पडदाभर जाहिरात येते, ही तक्रार वाढली आहे. जाहिरात दिसत असतानाच मागच्या ॲप्सची यादी उघडा. त्या यादीतल्या जाहिरातीच्या चौकटीवर कुठल्या ॲपचं चिन्ह आहे ते दिसतं. त्यावर बोट दाबून ॲप इन्फो, आणि तिथून अनइंस्टॉल. चिन्ह कोरं असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ शोधा आणि त्या यादीतलं अनोळखी नाव पकडा. अनइंस्टॉलचं बटणच फिकट असेल तर त्या ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’चा हक्क मिळवलेला असतो, तो आधी काढून घ्यावा लागतो. ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस’ असं वरच्या पट्टीत येत असेल तर मात्र ॲप नसतंच. क्रोममध्ये एखाद्या वेबसाइटला तुम्ही नोटिफिकेशनची मुभा दिलेली असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून ती काढा.

गुन्हेगार सापडत नसेल तर सेफ मोड. पॉवरच्या मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की बहुतेक फोन सेफ मोडबद्दल विचारतात. त्यात तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. त्रास थांबला तर दोष टाकलेल्या ॲपचाच. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा. रीस्टार्ट केलं की फोन नेहमीसारखा.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप टाकणारी फाइल, हे मात्र वेगळं आणि गंभीर प्रकरण. वाहनाचं ई-चलन, लग्नाची पत्रिका, ‘आज रात्री वीज तोडू’ अशा नावाखाली ती येते, आणि बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. हे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि पुढचे सगळे ओटीपी भलतीकडे जातात. चलन किंवा पत्रिका बघायला कधीही ॲप टाकावं लागत नाही. टाकून बसलात तर त्या क्षणी विमान मोड चालू करा, वाय-फायही बंद आहे ना बघा, आणि दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवून खातं गोठवा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. ॲप काढायचं काम त्यानंतर.

आयफोन, जुने फोन आणि दुकान

आयफोनवर आणि आयपॅडवर सगळ्या ॲप्ससाठी कॅशेचं वेगळं बटण नाही. तिथे सेटिंग्ज, जनरल, ‘आयफोन स्टोरेज’ असं जाऊन ‘ऑफलोड ॲप’ करायचं: ॲप जातं, त्यातली कागदपत्रं आणि माहिती राहते, पुन्हा उतरवलं की जागेवर. शेजारचंच ‘डिलीट ॲप’ सगळं नेतं. दोन्ही बटणं खेटून असतात, तेव्हा सावकाश वाचा.

जुन्या फोनवर ॲप ‘या उपकरणाशी सुसंगत नाही’ म्हणत असेल, तर कॅशे उडवून काही होणार नाही. व्हॉट्सॲपला आता किमान अँड्रॉइड ५ आणि आयफोनवर आयओएस १५.१ लागतं. त्याखालचा फोन घरात रेडिओ म्हणून ठेवा, पण व्यवहार त्यावर नकोत.

फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी फोनमधलं गूगल खातं कोणतं आणि त्याचा पासवर्ड काय, हे पक्कं माहीत असू द्या. बटणांनी बाहेरून रिसेट मारलेला फोन चालू होताना तेच जुनं खातं मागतो; आठवलं नाही तर फोन तिथेच अडतो. दुरुस्तीला तपकीर गल्लीत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात द्यायचा असेल, तर पॅटर्न चिठ्ठीवर काढून देऊ नका. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू केला की दुकानदाराला स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा तपासता येतो, पण तुमचे फोटो, चॅट आणि बँकेची ॲप्स त्याला दिसत नाहीत. परत आल्यावर तुमच्या लॉकनेच तो मोड बंद होतो.